सेमिनरी हिल्सचा चढ आणि कंसाबाहेरचं वजा

मागच्या एप्रिलात एका सकाळी साडेसहाच्या सुमारास, नागपुरात तेलंगखेडीच्या हनुमान मंदिराकडून सेमिनरी हिल्सकडे चढताना माझी गाडी सात वेळा बंद पडली. सात हा आकडा अंदाजे नाही. मी गणिताची शिक्षिका आहे, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. मागे एक दूधवाला होता, मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला. चौथ्या वेळेला त्यानं हॉर्न वाजवला. पाचव्या वेळेला तो बाजूनं निघून गेला आणि जाताना माझ्याकडे न बघता माझ्या शेजारी बसलेल्या ड्रायव्हिंगवाल्या दादाकडे बघून हसला. ते हसू मला हॉर्नपेक्षा जास्त लागलं.

सातव्या वेळेनंतर मी हँडब्रेक ओढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "दादा, मला नाही जमत हे. काही लोकांच्या अंगातच असतं. माझ्या नाहीये."

बोलले आणि माझी मीच चपापले. कारण हे वाक्य मी गेली सव्वीस वर्षं ऐकत आले आहे. "मॅडम, गणित माझ्या डोक्यातच बसत नाही." "आमच्या घरी कोणालेच गणित येत नाही मॅडम, आता ह्याले कुठून येईन?" मागच्या बाकावरून, पालकसभेत, कधी कधी तर आमच्या स्टाफरूममधून सुद्धा. त्यावर माझं उत्तर ठरलेलं असायचं. "असं काही नसतं रे, प्रयत्न कर." त्या सकाळी चढावर घामाघूम झालेली असताना मला कोणी "प्रयत्न कर" म्हटलं असतं, तर मी गाडी तिथेच टाकून पायी घरी गेले असते.

मी एक्कावन्न वर्षांची आहे. गाडी शिकायची हौस वगैरे नव्हती. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची वॅगनआर आमच्या ले-आउटमध्ये कव्हर घालून उभी राहिली. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यातल्या एका डोळ्याचं पुन्हा काही निघालं, आणि डॉक्टरांनी त्यांची रात्रीची गाडी बंद केली. सासूबाई ऐंशीच्या घरात. रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? स्कूटीवर ऐंशी वर्षांच्या बाईला मागे बसवून? म्हणून मी जीपे, ऑनलाइन फॉर्म, फोटो, सगळे सोपस्कार करून लर्निंग लायसन्स काढलं. घरी सांगितलं तेव्हा हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझ्याच्यानं नाही होणार. गाडी अंगात असावी लागते."

ह्यांच्यावर राग काढायला फार जागा नाही, हे मी इथेच कबूल करते. काही वर्षांपूर्वी मी तापानं पडले होते तेव्हा ह्यांनी कणीक मळायला घेतली. पातळ झाली म्हणून पीठ घातलं, घट्ट झाली म्हणून पाणी घातलं, पुन्हा पातळ, पुन्हा पीठ. चार माणसांच्या घरात बारा जणांची कणीक झाली. मी पलंगावरूनच म्हटलं, "राहू द्या हो, ते तुमचं काम नाही. हात असावा लागतो त्याला." त्या दिवसानंतर त्यांनी परातीला हात लावलेला नाही. म्हणजे आमच्या घरात गाडी एकाच्या अंगात आणि पोळी दुसरीच्या हातात, अशी कायमची वाटणी झालेली, आणि दोघांनाही ती सोयीची होती. निदान डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत.

आता थोडं एका प्रशिक्षणाबद्दल. तीन-चार वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांना एका सभागृहात बसवून मानसिकतेवर दिवसभर शिकवलं होतं. पडद्यावर दोन डोकी, एक लाल, एक हिरवं. लाल डोक्यात लिहिलेलं, 'मला येत नाही'. हिरव्यात लिहिलेलं, 'मला अजून येत नाही'. लाल म्हणजे स्थिर मानसिकता: बुद्धी, कला, हुशारी जन्माला येतानाच ठरते, नंतर तिचं फक्त प्रदर्शन करायचं. हिरवी म्हणजे वाढीची मानसिकता: शिकत गेलं की या गोष्टी वाढतात. कल्पना अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांची. जेवणाच्या सुट्टीत वरण-भाताच्या रांगेत आम्ही एकमेकांना विचारत होतो, "तू लाल की हिरवी?" मी स्वतःला बिनदिक्कत हिरव्यात टाकलं. सव्वीस वर्षं मुलांना शिकवते, मी लाल कशी असेन?

तर सेमिनरी हिल्सवर कळलं कशी ते. गणितात मी हिरवी आहे यात शंका नाही. एखादं उदाहरण सुटलं नाही तर मला राग येतो, पण मला गणित येत नाही असं मनातसुद्धा येत नाही. वहीचं पान उलटते आणि दुसऱ्या बाजूनं सुरू करते. गाडीत मात्र पहिल्याच झटक्याला लाल. गाण्यात तर गडद लाल. चौथीत पंधरा ऑगस्टच्या समूहगीतात बाईंनी मला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." आजतागायत मी आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवते. ड्वेकबाईंनी स्वतः पुढे २०१५ साली लिहिलं आहे की कुठलाही माणूस निव्वळ एका रंगाचा नसतो, प्रत्येकात दोन्हींची भेसळ असते. आमच्या पडद्यावर ते आलं नव्हतं. डोकी दोनच होती.

त्या प्रशिक्षणातली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून गेली नाही. क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग. नऊ ते बारा वर्षांची मुलं. त्यांना आधी सोपी कोडी दिली. सुटल्यावर काहींना म्हटलं, तू फार हुशार दिसतोस. काहींना म्हटलं, तू चांगली मेहनत केलेली दिसते. इतकंच, एक वाक्य. मग पुढचं काम निवडायला सांगितलं तर हुशार म्हटलेल्यांपैकी बहुतेकांनी आपली हुशारी टिकून दिसेल असं काम निवडलं, आणि मेहनती म्हटलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर मुलांनी काही शिकायला मिळेल असं. नंतर सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळेच आपटले. त्यानंतर पुन्हा सोपी. हुशार म्हटलेली पोरं आता पहिल्यापेक्षाही मागे पडली, मेहनती म्हटलेली पुढे गेली. आणि शेवटी सांगितलं की दुसऱ्या शाळेतल्या एका अनोळखी मुलाला या कोड्यांबद्दल लिहून कळवा, स्वतःचे गुणही लिहा. हुशार म्हटलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. ज्याला कधी भेटणार नाहीत त्या मुलाला!

प्रशिक्षक पुढच्या स्लाइडवर गेले. मी तिथेच अडकले.

कारण माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. सहावीत आली तेव्हा तिचं तोंडी गणित असं की मी फळ्यावर लिहिपर्यंत हिचं उत्तर तयार. मी तिला 'आमची रामानुजन' म्हणायचे. वर्गात, स्टाफरूममध्ये, तिच्या आईसमोर. आई बिचारी हरखून जायची. सातवी चांगली गेली. आठवीत बीजगणित जड झालं आणि हिनं हात वर करणं बंद केलं. मला वाटलं, वय आहे, लाजते. घटक चाचणीत तिला ४० पैकी ११ पडले. पेपरवर पालकांची सही आणायची असते. सही आली, पण ११ चे ३१ झालेले होते. पहिल्या एकाला वरून नि खालून दोन पोटं काढून त्याचा तीन केला होता, आणि शाई माझ्या शाईपेक्षा जरा फिकी होती.

मी तिला वर्गाबाहेर नेऊन बोलले. फार वेळ बोलले. प्रामाणिकपणा, विश्वास, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. ती खाली बघत होती आणि उजव्या हाताच्या नखानं डाव्या हाताच्या बोटाजवळचं कातडं सोलत होती. रक्त आलं तरी थांबली नाही. मी ते बघितलं आणि तरी बोलत राहिले. या सगळ्यात माझा काही हात असेल, असं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंसुद्धा नाही. ११ गुण मिळालेली मुलगी शाळेत येऊ शकते, पण ११ गुण मिळालेली रामानुजन कुठे जाईल?

प्रशिक्षणातल्या त्या ४० टक्क्यांवर मी अडकले ती यासाठी. पण खरं सांगायचं तर त्यानंतरही मी फक्त एवढंच केलं, की 'हुशार' म्हणायचं सोडून 'मेहनती' म्हणायला लागले. शब्द बदलला. "छान प्रयत्न!" असा एक शिक्काच मी बाजारातून बनवून आणला होता, निळ्या शाईचा. भाबडेपणाची हद्द. नापास पेपरवर "छान प्रयत्न" उमटलेलं बघून पोरांना काय वाटत असेल, ते मला सेमिनरी हिल्सवर समजलं.

तर परत चढावर या.

"मला नाही जमत" म्हटल्यावर दादा काही बोलला नाही. तो तिशीतला आहे, मला मॅडम म्हणतो. त्यानं "जमेल, जमेल" असं काही म्हटलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. तो वाकला आणि माझ्या पायांकडे बघायला लागला. मला जरा अवघडल्यासारखं झालं.

"मॅडम, तुमची टाच हवेत आहे."

"म्हणजे?"

"तुमी क्लच अख्ख्या पायानं सोडून राहिल्या, चटका बसल्यावानी. टाच खाली टेकली पायजे. टेकवून दाखवा."

मी टेकवायला गेले. टेकेना. टाच टेकवली की पंजा क्लचच्या तळापर्यंत पोचत नव्हता. दादानं कपाळावर हात मारला, खाली वाकून सीटचा दांडा ओढला आणि मला सीटसकट पुढे सरकवलं. खट, खट. दोन खाचा.

"तुमच्या आधी सहाच्या टायमाले तो लंबा पोरगा येते ना. सीट त्याच्या मापाची राह्यली. माह्यी चुकी झाली मॅडम, मीच पाह्यलं नाही."

तीन आठवडे. तीन आठवडे मी दुसऱ्याच्या मापाच्या सीटवर बसून 'गाडी माझ्या अंगातच नाही' असं ठरवत होते. ह्यांचं म्हणणं खरं निघालं म्हणून रात्री कुढत होते.

मग दादानं सांगितलं, "आता टाच ठेवा. पंजानं हळूहळू सोडा. सोडता सोडता जिथं गाडी थरथरते ना, तिथं पाय थांबवा. सोडू नोका, दाबू नोका. थांबवा. मंग हँडब्रेक सोडा." मी सोडत गेले. एका जागी आल्यावर गाडीचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं, आणि स्टिअरिंगमधून एक बारीक थरथर माझ्या मनगटापर्यंत आली. पाय थांबवला. हँडब्रेक सोडला. गाडी मागे गेली नाही. पुढेही गेली नाही. चढावर, जागच्या जागी, मांजरासारखी गुरगुरत उभी राहिली. मी ओरडलेच. दादा म्हणाला, "आता ॲक्सिलेटर द्या बाप्पा, उभं राहायले नाही आलो आपण."

घरी येऊन मी वही काढली. गाडी आणि आम्ही दोघं मिळून साधारण १००० किलो धरा. चढ दहास एक धरा. म्हणजे गाडीला उतारावर मागे ओढणारं वजन साधारण १०० किलोचं. पन्नास-पन्नास किलोची तांदळाची दोन पोती मागच्या बंपरला बांधून कोणी उतारावर सोडून दिल्यासारखं. ब्रेक सोडल्यापासून इंजिननं ती दोन पोती उचलेपर्यंतचा जो एक क्षण, तेवढ्यापुरती सगळी भानगड. क्लच एकदम सोडला तर मिनिटाला आठ-नऊशे फेरे घेत असलेल्या इंजिनावर ती पोती एका झटक्यात पडतात आणि त्याचा दम कोंडतो. आकडा कागदावर आल्यावर माझी भीती अर्ध्याच्या वर उतरली. चढ तोच होता, पण आता तो उदाहरणासारखा दिसायला लागला होता, आणि उदाहरणाला मी भीत नाही.

मला जे म्हणायचंय ते साधारण इथे आहे. पुस्तकं, व्याख्यानं, प्रशिक्षणं सांगतात की आधी मन बदला, मग जमायला लागेल. माझ्या बाबतीत उलटं झालं. आधी टाच टेकली, मग मन बदललं. 'मला गाडी येत नाही' हा एवढा मोठा धोंडा होता की त्याला हात कुठून लावायचा तेच कळत नव्हतं. 'माझी टाच हवेत आहे' याला हात लावता येतो. चुकीला तिचं नेमकं, लहानसं नाव मिळालं की ती माणसाच्या अंगावरून उतरते आणि पायाजवळ येऊन बसते. ते नाव शोधून देणारं मात्र कोणीतरी लागतं, आणि त्यानं वाकून पायाकडे बघावं लागतं. २०१५ च्या त्याच लेखात ड्वेकबाईंनी हेही म्हटलं आहे की नुसत्या प्रयत्नांचं कौतुक करून मुलांना बरं वाटवणं म्हणजे वाढीची मानसिकता नव्हे. माझा निळा शिक्का तेव्हापासून कपाटात आहे.

मे महिन्यात, ऊन चढायच्या आत, दादाला मी हे सगळं लाल-हिरवं डोक्यांचं पुराण ऐकवलं. रहाटे कॉलनी चौकातून दीक्षाभूमीकडे वळत होतो. मी उत्साहात होते, नुकताच एक सिग्नल गाडी बंद न पाडता पार केला होता. म्हटलं, दादा, म्हणजे बघा, सगळं मानसिकतेवर असतं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मी पंधरा वर्षांचा होतो तवा ट्रकवर क्लीनर लागलो. मले कोणी इचारलंच नाही, जमते का म्हून. एका रात्री उस्तादाले ताप चढला, मलेच चालवा लागली. नसती जमली तं मेलो असतो दोघंबी."

मी म्हटलं, तेच तर मी म्हणतेय.

"नाही मॅडम." स्तूपाकडे हात करून तो म्हणाला, "छप्पन साली माहा आजा इथं होता, बाबासाहेबांसमोर. त्याले शाळेत वर्गात नोते बसू देत, बाहेर पायरीवर बसवत. त्याच्या डोक्यात काई कमी नव्हतं. त्याले आतच घेतलं नाही. त्याची मानसिकता कितीबी हिरवी असती तं काय झालं असतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला या मैदानावर लाखो माणसांनी जे केलं त्यात मन बदलणं होतंच, पण ते एकेकट्यानं घरी बसून स्वतःला समजावणं नव्हतं. सगळ्यांनी मिळून, उघड्यावर, दाराबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेकडेच पाठ फिरवणं होतं. आमच्या प्रशिक्षणात हा मुद्दा कोणी काढला असता तर चहा लवकर आला असता.

गंमत म्हणजे संशोधनही हळूहळू दादाच्या बाजूला सरकलेलं दिसतं. २०१८ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला गेला, तर मानसिकता आणि परीक्षेतले गुण यांचा संबंध कमजोरच निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या बारा हजारांवर मुलांवर एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ, मेंदू सरावानं वाढतो हे सांगणारा. गुणांत मागे असलेल्या मुलांच्या गुणांची सरासरी, जी तिथे साधारण चारपैकी मोजतात, ०.१ नं वाढली. तासाभरापेक्षा कमी वेळात एवढं झालं म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही, पण डोंगरही हलला नाही. आणि ज्या शाळांमध्ये अवघड कामाला हात घालणं ही आजूबाजूच्या पोरांचीच रीत होती, तिथे फरक जास्त पडला. म्हणजे बी कसं का असेना, जमीन लागतेच. काटोलच्या संत्रावाल्याला हे सांगायला संशोधन लागत नाही.

जूनमध्ये आरटीओची परीक्षा दिली आणि नापास झाले. रिव्हर्स घेताना मागचा खांब पाडला. सात दिवसांनी पुन्हा दिली, पास. हे म्हणाले, "बरं झालं." एवढंच. पण त्या रविवारी सकाळी स्वतःहून बाजूच्या सीटवर येऊन बसले आणि कस्तुरचंद पार्कला तर्री पोहे खायला चल म्हणाले. वाटेत पूर्ण वेळ त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला होता. मी बघितलं, बोलले नाही.

आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात. पहिल्याच दिवशी मी नववीच्या वर्गात सांगितलं की या सुट्टीत मी एका परीक्षेत नापास झाले. वर्ग इतका खूष झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. कशात, किती वेळा, खांब केवढा होता, तुटला का, सगळं विचारून झालं.

जुलैत पहिली चाचणी घेतली आणि या वेळी पेपर तपासताना मी दादासारखी वाकून बघायला लागले. एक मुलगा आहे, २५ पैकी ६. लाल रेघांनी पेपर भरलेला. आधी मी शिक्का मारला असता. आता एकेक ओळ बघत गेले. ५ − (क्ष − ३) असं असेल तर हा लिहितो ५ − क्ष − ३. कंसाबाहेरचं वजा हा पहिल्या पदाला देतो आणि दुसऱ्याला द्यायला विसरतो. पुढच्या उदाहरणात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. अकरापैकी आठ उदाहरणांत त्याची बाकीची प्रत्येक पायरी बरोबर होती. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, अक्षरसुद्धा बरं. पोरगा पाचवीपासून 'मले गणित येत नाही' म्हणून हिंडतोय आणि त्याला येत नाही ती एक गोष्ट. एक! मी मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. म्हटलं, "हे वजा म्हणजे घरी आलेला पाहुणा आहे. कंसातल्या सगळ्यांना भेटतो. एकालाच भेटून निघून गेला तर दुसरा रुसतो." त्यानं माझ्यासमोर तीन उदाहरणं केली. दोन बरोबर. तिसऱ्यात पुन्हा विसरला, स्वतःच थांबला, "ओ तेरी" म्हणाला आणि चिन्ह बदललं.

त्याची मानसिकता लाल की हिरवी, मी विचारलं नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. एका मुलीच्या पेपरात मला तीन तास बसूनही ती एक गोष्ट सापडली नाही. चुका दर वेळी वेगळ्या. नंतर कळलं की तिला फळाच दिसत नाही, चष्म्याला घरी पैसे नाहीत म्हणून ती सांगत नव्हती. दोन खाचा, पुन्हा. आणि चाळीस पेपर असे वाकून तपासायला मला चार रविवार गेले, ते दर वेळी शक्य नाही हेही खरं. मुख्याध्यापकांनी निकाल उशिरा का म्हणून विचारलंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, सोबत बडगे म्हणजे समाजातल्या वाईट गोष्टींचे पुतळे, आणि आरोळी एकच: "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" जे काही नको ते तिच्यासोबत वेशीबाहेर जाळायला पाठवायचं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी नववीला चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही, मारबतीसोबत काय पाठवायचं ते लिहायचं. एक्केचाळीसपैकी तेवीस जणांनी 'गणित' लिहिलं. एकानं 'मॅडम' लिहिलं, त्याचं अक्षर मला ओळखू आलं. दोघांनी 'बापाची दारू', ते वाचून मी जरा वेळ खिडकीकडे बघत राहिले. आणि एका चिठ्ठीवर होतं, 'कंसाबाहेरचं वजा'.

त्या मुलीचं, माझ्या रामानुजनचं, पुढे काय झालं ते मला पूर्ण ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी सीताबर्डीवर दिसली होती, मैत्रिणींबरोबर. पाया पडली. फार्मसीला आहे म्हणाली. मी विचारलं, गणित? ती हसून म्हणाली, "सोडलं मॅडम." तेव्हा मी आणखी काही विचारलं नाही. आज भेटली तर तो आठवीचा पेपर मागेन. तिनं ठेवला असेल असं वाटत नाही.

आता मी रोज गाडीनं शाळेत जाते. शाळेच्या गेटजवळ एक छोटा उंचवटा आहे, आत वळताना नेमका चढावर थांबावं लागतं, कारण वॉचमनकाका आधी सायकली सोडतात. परवा वर्गात हजेरी घेत होते तर मागच्या बाकावरचा कंसवाला मुलगा उभा राहिला.

"मॅडम, आज गेटवर तुमची गाडी दोनदा बंद पडली. आम्ही मोजून राहिलो होतो."

"तीनदा," मी म्हटलं. "पहिल्यांदा पडली तेव्हा तू अजून सायकल लावत होतास."

"काऊन पडली?"

"टाच उचलली होती."

"अच्छा," तो म्हणाला आणि खाली बसला.